सावकार-मालक आणि मूळचे कूळ : दख्खनच्या दंग्यांपूर्वीच्या भूधारणेतील एक दुर्लक्षित प्रश्न

१

मराठी महसुली भाषेत ‘कूळ’ हा शब्द एकाहून अधिक अर्थांनी वापरला गेला आहे. सरकारी दप्तरात कूळ म्हणजे सारा देणारी रयत; ‘कुळवार’ पाहणी आणि ‘कुळकर्णी’ हे शब्द याच अर्थाशी जोडलेले आहेत. सावकाराच्या खातेवहीत कूळ म्हणजे ऋणको. ‘हे आमचे कूळ’ असे सावकार म्हणे, तेव्हा त्याला आपला देणेकरी अभिप्रेत असे. आणि जमीनमालकाच्या व्यवहारात कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने अथवा बटाईने कसणारा शेतकरी. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत असा एक वर्ग निर्माण झाला की ज्याला हे तिन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडत. त्याचे नाव सरकारी खात्यात होते, सावकाराच्या वहीत होते, आणि त्याने स्वतः सही-निशाणी केलेल्या कबुलायतीतही होते.

१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लिखाणाचा भर मुख्यतः दोन बाबींवर असतो : रयतेचा कर्जबाजारीपणा आणि सरकारी साऱ्याची वाढ. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न आहे. न्यायालयाच्या हुकूमनाम्याने जमिनीचा मालक झालेल्या सावकाराने, त्याच जमिनीचा कालपर्यंत मालक असलेल्या व आजही तिच्यावर नांगर धरून उभ्या असलेल्या माणसाशी कसे वागावयाचे? नवा मालक जमीन स्वतः कसू शकत नव्हता; जुना मालक ती सोडावयास तयार नव्हता. या दोघांमधील संबंध पाहिल्यास दंग्यांचा रोख दस्तऐवजांवर का होता, आणि १८७९ च्या कायद्याने एक दार बंद करताच दुसरे कसे उघडले, हे अधिक स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात याच संबंधाचा विचार केला आहे.

२

पेशवाईच्या अखेरीस देशावरील गावांत जमीन कसणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग होते : मिरासदार अथवा थळकरी, आणि उपरी. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरागत असे; त्याबरोबर गावच्या मानपानात व गावकीच्या निर्णयात त्याला स्थान असे. सारा थकल्यामुळे वा दुष्काळामुळे गाव सोडून गेलेला मिरासदार कित्येक वर्षांनी परत येऊन थकबाकीची तोड करून आपले थळ मागू शके. उपऱ्याला असा हक्क नव्हता. तो ठरलेल्या मुदतीने, बहुधा सालोसाल, जमीन करी. म्हणजे जमिनीवरील हक्क आणि गावातील स्थान या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. मिरास विकली जात असे, परंतु ती घेणाऱ्याला गावाने स्वीकारावे लागे. खरेदीखतावर पाटील, कुळकर्णी आणि गावकरी यांच्या साक्षी असत त्या केवळ औपचारिक नव्हत.

सावकारी या व्यवस्थेतही होती. सारा रोख भरावयाचा असल्याने हंगामापूर्वी रयतेला कर्ज लागे व सावकार ते देई. तथापि कर्जवसुलीचे साधन म्हणजे तगादा, धरणे, पंचायत आणि फार तर पिकावरील ताबा. राज्यसत्तेच्या यंत्रणेकडून रयतेची जमीन लिलावात काढवून ती आपल्या नावे करून घेणे, ही सावकाराच्या नित्याच्या व्यवहारातील गोष्ट नव्हती. तशी जमीन मिळाली असती तरी तिचा बाजारभाव नगण्य होता, कारण साऱ्याचा बोजा वजा जाता मालकाच्या हाती उरावे असे फारसे काही राहत नसे.

३

इंग्रजी अमलाने ही स्थिती तीन टप्प्यांत पालटली.

पहिला टप्पा जमाबंदीचा. प्रिंगल याची १८३० च्या सुमाराची पाहणी अव्यवहार्य ठरल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात नवी पाहणी केली. प्रत्येक ‘सर्व्हे नंबरा’वर ३० वर्षांसाठी सारा कायम झाला, तो पूर्वीच्या मानाने हलका होता. खातेदाराने सारा भरावा, तोवर नंबर त्याच्याकडे राहावा, त्याला तो विकता वा गहाण टाकता यावा, हे या पद्धतीचे सूत्र होते. मिरासदार व उपरी यांमधील भेद या सूत्रात जवळजवळ पुसून गेला. सारा मर्यादित झाल्याने खातेदाराच्या हाती काही शिल्लक राहू लागली आणि जमिनीला किंमत आली. किंमत आली म्हणजे ती तारण म्हणूनही उपयोगी पडू लागली.

दुसरा टप्पा दिवाणी कायद्याचा. १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेत न्यायालयातून मिळणाऱ्या व्याजावर दरसाल दरशेकडा १२ ची मर्यादा होती. १८५५ च्या २८ व्या कायद्याने ती उठली. १८५९ मध्ये दिवाणी व्यवहार संहिता आणि मुदतीचा कायदा असे दोन कायदे आले. मुदतीच्या कायद्यामागील हेतू ऋणकोला जुन्या, विसरलेल्या दाव्यांपासून वाचवण्याचा होता. परिणाम उलट झाला. साध्या रोख्यावरील दावा ३ वर्षांत लावावा लागत असल्याने सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल व व्याज मिळून नवा रोखा लिहून घेऊ लागला. दामदुपटीचा, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ न देण्याचा, जुना नियम अशा रीतीने आपोआप निरुपयोगी ठरला. कारण प्रत्येक नव्या रोख्यात मागील व्याज मुद्दल बनून येई. रयत निरक्षर, न्यायालय तालुक्याच्या अथवा जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि रोख्यावर निशाणी केल्याचे नाकारता येत नाही, अशा स्थितीत बहुसंख्य हुकूमनामे एकतर्फी होत. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने या बाबीकडे विशेष लक्ष वेधले आहे. सावकारी व्यवहाराचे हे वळण अधिकाऱ्यांच्या ध्यानात त्याही आधी आले होते. खुद्द विंगेटनेच १८५२ मध्ये धनको-ऋणको संबंधांविषयी सरकारला सावध केले होते.

तिसरा टप्पा बाजाराचा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला. त्याच सुमारास बोरघाटातून रेल्वे देशावर आली आणि तिच्या कामावर मजुरी मिळू लागली. पत वाढली, कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. याच काळात पहिली ३० वर्षांची मुदत संपून १८६७ पासून इंदापूर, भीमथडी इत्यादी तालुक्यांत फेरजमाबंदी सुरू झाली. काही तालुक्यांत वाढ निम्म्याहून अधिक होती. पुणे सार्वजनिक सभेने या वाढीविरुद्ध चौकशी करून आवाज उठवला. उतरत्या भावात वाढीव सारा भरण्यासाठी रयतेला कर्ज हवे होते, आणि उतरत्या भावात सावकाराला जुने कर्ज वसूल करावयाचे होते. दोघांच्या गरजा एकाच वेळी जमिनीवर येऊन आदळल्या.

४

हुकूमनाम्याची दरखास्त झाली, लिलाव झाला, सावकाराने जमीन बहुधा स्वतःच अल्प किमतीत घेतली. कायद्याच्या दृष्टीने येथे व्यवहार पुरा झाला. वस्तुतः सावकाराची अडचण येथून सुरू होत असे.

या भागातील सावकारांत मारवाडी व गुजर यांची संख्या मोठी होती. त्यांतील बरेच जण गावात एक-दोन पिढ्यांपूर्वी किंवा त्याही अलीकडे आलेले. शेती हा त्यांचा व्यवसाय नव्हता. बैल, अवजारे, बियाणे आणि राबणारे हात यांपैकी पैशाने घेता येण्यासारखे ते घेऊ शकत. परंतु जिराईत मुलखात, जेथे पाच वर्षांतून दोन वर्षे पीक हाती लागेल की नाही याची शंका, तेथे मजुरी देऊन शेती करणे परवडण्यासारखे नव्हते. दुसरे कूळ आणावे, तर ते त्याच गावच्या भाऊबंदांतून आणावे लागे. भाऊबंदाच्या हातून गेलेली जमीन सावकाराकडून खंडाने करणे हे गावात लाजिरवाणे मानले जाई, आणि ती करणाऱ्याला पुढे शेजारच्या बांधावरून, विहिरीवरून, जनावरांच्या वाटेवरून नित्य तंट्याला तोंड द्यावे लागे. म्हणून नव्या मालकाजवळ व्यवहार्य मार्ग एकच उरे : जमीन मूळ रयतेकडेच ठेवावयाची आणि तिच्याकडून कबुलायत लिहून घ्यावयाची.

ही कबुलायत अथवा भाडेपत्र या संपूर्ण व्यवस्थेतील मध्यवर्ती दस्त होय. वरवर पाहता तिचा हेतू खंड ठरविण्याचा होता. अर्धा हिस्सा, ठराविक धान्य किंवा रोख रक्कम, आणि पुष्कळदा याशिवाय सरकारी साराही कुळानेच भरावयाचा, अशी तिची कलमे असत. परंतु खंड वसूल होणे हे पिकावर अवलंबून होते आणि पीक पावसावर. सावकाराला कबुलायतीचे खरे मूल्य खंडापेक्षा पुराव्यात होते. जमिनीवर प्रत्यक्ष ताबा जुन्या मालकाचा. सरकारी खातेही अनेक ठिकाणी त्याच्याच नावे तसेच राहिलेले, कारण खाते बदलून घेणे म्हणजे सारा भरण्याची जबाबदारी अंगावर घेणे. अशा स्थितीत हा ताबा मालक म्हणून नव्हे तर कूळ म्हणून आहे, हे दाखविणारा एकमेव कागद म्हणजे कबुलायत. स्थावराच्या दाव्याला १२ वर्षांची मुदत होती. कागद नसता तर बारा वर्षांच्या अखंड वहिवाटीनंतर ‘मी तर कधी जमीन सोडलीच नाही’ असे रयत म्हणू शकली असती, आणि गावातील प्रत्येक साक्षीदाराने तिला दुजोरा दिला असता.

पुढे १८७९ च्या जमीन महसूल संहितेने कुळांच्या मुदतीविषयी जे नियम लेखी केले, त्यांतही हीच गोष्ट दिसते. कुळवहिवाटीचा आरंभ तिच्या प्राचीनतेमुळे सिद्ध करता येत नसेल, तर ती मालकाच्या धारणेइतकीच कायम मानावी, असे त्या संहितेच्या ८३ व्या कलमाचे तात्पर्य होते. आणि वार्षिक कुळवहिवाट तीन महिन्यांच्या लेखी नोटिशीने संपुष्टात आणता येई, असे ८४ व्या कलमाचे. ज्या रयतेने पिढ्यान् पिढ्या तोच नंबर कसला होता, तिच्या प्राचीनतेबद्दल गावात कोणालाच संशय नव्हता. परंतु कबुलायतीवर एक तारीख होती. त्या तारखेने तिची वहिवाट ‘आरंभ’ पावली होती. शंभर वर्षांचा कब्जा एका निशाणीने सालोसालचा झाला.

५

अशा कुळाकडून सावकाराला सहकार्य मिळण्याची अपेक्षा करणे व्यर्थ होते. सावकारांच्या तक्रारी, आयोगापुढील साक्षी आणि तालुक्यांतील अधिकाऱ्यांची निवेदने यांवरून कुळाच्या प्रतिकाराचे काही ठळक प्रकार सांगता येतात.

पहिला प्रकार दिरंगाईचा. खंड नाकारावयाचा नाही, फक्त द्यावयाचा नाही. पीक कमी आले, बैल मेला, लग्न निघाले, सारा भरला म्हणून हाती काही उरले नाही, अशी कारणे दरसाल निघत आणि त्यांपैकी बहुतेक खरीही असत. दुसरा प्रकार पीक हलविण्याचा : बटाईच्या वाटणीपूर्वीच खळ्यावरचे धान्य नाहीसे होई. तिसरा प्रकार जमिनीकडे दुर्लक्ष करण्याचा. जी जमीन आपली राहिली नाही तिच्यात खत घालावयाचे नाही, ताली बांधावयाच्या नाहीत, विहिरीतील गाळ काढावयाचा नाही. चौथा प्रकार दस्ताच्या स्वरूपाविषयी वाद घालण्याचा. दिलेले खत खरेदीचे नसून गहाणाचे होते, पैसे फेडताच जमीन परत देण्याचा तोंडी करार होता, असे रयत सांगे. न्यायालयात लेखी दस्तापुढे तोंडी कराराला स्थान नसे. गावात मात्र तोंडी करारच खरा मानला जाई.

या प्रकारांना तोंड देताना सावकाराच्या हातात जी साधने होती ती सर्व न्यायालयातून आलेली होती : खंडाच्या बाकीचा दावा, जंगम मालाची जप्ती, ताब्याचा हुकूम आणि ऋणकोच्या कैदेची धमकी. ही शेवटची धमकी विशेष परिणामकारक ठरे. कैदेच्या भीतीने रयत नवा रोखा लिहून देई. खंडाची बाकी अशा रीतीने पुन्हा कर्ज होई आणि कर्जाचे व्याज पुन्हा खंडात मिसळे. काही वर्षांनी हिशेबात कोणती रक्कम भाड्याची आणि कोणती कर्जाची, हे सांगणे अवघड होऊन बसे. त्यात सावकाराचा लाभ होता. पण एक धोकाही होता. मालक आणि कूळ यांच्या संबंधात परस्परांना बांधून ठेवणारी जी मर्यादा असते, म्हणजे वाईट साली सूट, बियाण्याची मदत, लग्नकार्याला हातभार, ती येथे उरली नाही. सावकाराने मालकाचे अधिकार घेतले, मालकाचे कर्तव्य घेतले नाही. ज्या गावांत सावकार जुना व स्थानिक होता, अथवा ज्याचे व्यवहार तुलनेने सौम्य होते, तेथे पुढे दंग्यांची झळ कमी लागली. पुष्कळ ब्राह्मण सावकार बचावले याचे कारणही आयोगाने असेच काहीसे दिले आहे.

येथे सावकाराची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. गावातील लहान सावकार बहुधा पुण्याच्या अथवा नगरच्या मोठ्या पेढीकडून उचल घेऊन धंदा करी. वरच्या पेढीचा तगादा त्यालाही चुकत नसे. गावात त्याला भाऊबंद नव्हते, वतन नव्हते, पाटीलकी नव्हती. त्याचे सर्व बळ त्याच्या कागदांच्या पेटीत होते. ही गोष्ट जशी तो जाणत होता, तशी रयतही जाणत होती.

६

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी हा संघर्ष उघड झाला. तेथील बाबासाहेब देशमुख हे प्रतिष्ठित पण कर्जात बुडालेले गृहस्थ. काळूराम या मारवाडी सावकाराने त्यांच्याविरुद्ध १५० रुपयांचा हुकूमनामा मिळविला आणि त्यांचे घर ताब्यात घेऊन ते पाडण्यास आरंभ केला. कायद्याने त्यात काही वावगे नव्हते. आपल्या मालकीच्या इमारतीचे काय करावे हा मालकाचा प्रश्न. परंतु देशमुखांचे घर हे गावाच्या दृष्टीने केवळ एक इमारत नव्हती. अवघड कुळाला बाहेर काढण्याचा आपला अधिकार या नव्या मालकाने शेवटच्या टोकापर्यंत वापरला आणि तसे करताना एका कुळाऐवजी सारा गाव अंगावर घेतला.

गावाने जे उत्तर दिले ते दंग्याचे नव्हते, बहिष्काराचे होते. सावकाराची जमीन कोणी करू नये, त्याचे पाणी कोणी भरू नये, त्याची हजामत कोणी करू नये, त्याच्याकडे चाकरी करू नये, असे ठरले. ही पद्धत शेजारच्या गावांत पसरली. इंदापूर तालुक्यातील कळस या गावचे या स्वरूपाचे समापत्र प्रसिद्ध आहे. गुजरांची शेते करणाऱ्या किंवा त्यांची चाकरी धरणाऱ्या माणसाला न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार यांची सेवा मिळू नये आणि त्याला जातीच्या पंक्तीस घेऊ नये, असा त्याचा आशय आहे. त्यात पहिला निर्बंध सावकाराच्या शेतांवर काम करण्याविषयीचा आहे, याकडे अभ्यासकांनी दिले पाहिजे तितके लक्ष दिलेले नाही. सावकाराला जमीन न्यायालय देऊ शकते, परंतु ती कसणारा माणूस देऊ शकत नाही. आणि कसणारा माणूस गावाच्या हाती आहे, हे समापत्र लिहिणाऱ्यांनी अचूक ओळखले होते. बलुत्यांच्या सेवेचे नियमन हे गावकीचे जुने हत्यार. जमाबंदीने मिरासदारीचा भेद पुसला तरी हे हत्यार शाबूत राहिले होते.

१८७५ च्या आरंभी सरकारने साऱ्यात काही सूट जाहीर केली, आणि थकबाकीसाठी प्रथम जंगम माल जप्त करावा, जमीन शेवटी विकावी, असे धोरण स्वीकारले. त्यामुळे आता सारा भरण्यासाठी आपण रयतेला पैसे पुरविले नाहीत तरी तारणाची जमीन लगेच जाणार नाही, असा हिशेब सावकारांनी केला व उचल देणे थांबविले. पूर्वी सावकार जमीन घेत होता, पण निदान सारा भरण्यास पैसे देत होता. आता तेही बंद झाले. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी गुजर सावकारांची घरे व दुकाने लुटली गेली. तेथून हे लोण पुणे जिल्ह्यातील भीमथडी, इंदापूर, शिरूर, हवेली, पुरंदर या तालुक्यांत आणि नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरले.

या दंग्यांचे वैशिष्ट्य सर्वविदित आहे. जमावाने बहुतेक ठिकाणी सावकाराचे रोखे, हुकूमनामे व खाती मागितली. ती मिळाली की जाळली आणि लोक घरोघर गेले. कागद देण्यास नकार मिळाला तेथेच मारहाण किंवा जाळपोळ झाली, आणि तीही मर्यादेत. पुणे जिल्ह्यात ५५९ जणांना अटक होऊन ३०१ जणांना शिक्षा झाली. नगर जिल्ह्यात ३९२ जणांना अटक व २०० जणांना शिक्षा झाली. पूर्वीच्या लेखकांनी कागद जाळण्यामागे कर्ज बुडविण्याची इच्छा पाहिली. ती होतीच. तथापि त्या पेट्यांत केवळ कर्जरोखे नव्हते, कबुलायतीही होत्या. कर्जाचा रोखा जळाला तर देणे जात असे. कबुलायत जळाली तर कूळ पुन्हा मालक होत असे, कारण ताबा त्याच्याजवळ होताच. जमिनीवरील आपले मूळचे स्थान आणि आपले आजचे कायदेशीर स्थान यांत अंतर पाडणारा कागद नाहीसा करणे, असा या कृतीचा अर्थ केल्यास तिच्यातील संयम व निवड या दोहोंची संगती लागते.

७

चौकशी आयोगाने १८७६ मध्ये अहवाल सादर केला. सदस्यांपैकी ऑकलंड कॉल्विन यांनी स्वतंत्र टिपण जोडून साऱ्याच्या वाढीवर अधिक दोष ठेवला. त्यानंतर १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला आणि १८७९ चा १७ वा कायदा, म्हणजे दख्खन शेतकरी निवारण कायदा, पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. न्यायाधीशाने रोख्याच्या पलीकडे जाऊन मूळ व्यवहार तपासावा, पैशाच्या हुकूमनाम्याखाली शेतकऱ्याला कैद करू नये, स्पष्टपणे गहाण नसलेली स्थावर मिळकत विकू नये, मुदत वाढवून साध्या दस्तास ६ व नोंदलेल्या दस्तास १२ वर्षे करावी, खेड्यांतील दस्त नोंदणीकारासमोर व्हावेत, आणि दाव्यापूर्वी सलोख्याचा प्रयत्न व्हावा, अशी त्याची योजना होती. महादेव गोविंद रानडे यांनी विशेष न्यायाधीश म्हणून या कायद्याच्या अंमलबजावणीवर अनेक वर्षे देखरेख केली.

हा कायदा ऋणकोच्या रक्षणार्थ होता. कुळाच्या रक्षणार्थ नव्हता. या फटीतून पुढील व्यवहार घडला. न्यायाधीश कर्जाचा इतिहास तपासणार असेल तर कर्ज देऊच नये. त्याऐवजी जमिनीचे खरेदीखतच करून घ्यावे आणि त्याच दिवशी विकणाऱ्याला कूळ करून कबुलायत लिहून घ्यावी, हा मार्ग सावकारांनी पत्करला. पैसे फेडल्यास जमीन परत, हे तोंडी राही. व्याजाचे नाव खंड झाले. पूर्वी जी स्थिती लिलावाच्या शेवटी येई ती आता कर्जाच्या आरंभीच येऊ लागली. कायदेकर्त्यांच्या हे लक्षात येऊन, वरकरणी खरेदी दिसणारा व्यवहार वस्तुतः गहाणाचा आहे हे दाखविण्यास तोंडी पुरावा घेता यावा, अशी तरतूद दुरुस्तीने या कायद्यात करावी लागली. ज्या तोंडी कराराला पूर्वीच्या व्यवस्थेने दाराबाहेर ठेवले होते, त्याला अखेर न्यायालयात बोलवावे लागले.

कुळांनीही नवी साधने शोधली. १८८० नंतरच्या दशकात जुन्नर तालुक्यात कुळांनी खंड कमी करून मिळावा म्हणून सावकारांच्या जमिनी करण्याचे नाकारले व त्या पडीक राहू दिल्या. येथे कागद जाळले गेले नाहीत आणि कोणाच्या घरावर जमाव गेला नाही. कर्डे व कळस येथील बहिष्काराचे तत्त्वच येथे शांतपणे व हेतुतः वापरले गेले. याच काळात, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध केला आणि न्यायालय, कागद व निरक्षर शेतकरी यांच्या संबंधाचे चित्र प्रथमच शेतकऱ्याच्या बाजूने मराठीत मांडले गेले.

८

या विषयावरील अलीकडच्या संशोधनात दोन परस्परविरोधी मते आहेत. रवींदर कुमार यांनी १९६० नंतरच्या दशकात असे प्रतिपादन केले की इंग्रजी कायद्याने गावातील सत्तेचा समतोल बिघडून सावकार प्रबळ झाला व त्यातून दंगे उद्भवले. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये यावर आक्षेप घेतला : प्रत्यक्ष हस्तांतरित झालेली जमीन मोठ्या प्रमाणावर नव्हती, आणि दंग्यांचे महत्त्व अतिशयोक्त झाले आहे. जैरस बनाजी यांनी १९७७ मध्ये प्रश्नाची मांडणीच बदलली. त्यांच्या मते नावापुरता स्वतंत्र असलेला शेतकरी उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यावर सावकारी भांडवलाच्या ताब्यात होता. मालकी कोणाच्या नावे आहे हा गौण प्रश्न होय.

मालक व कूळ यांच्या संबंधाकडे पाहिल्यास या मतांतील विरोध काही अंशी मावळतो. सरकारी खात्यांवरून हस्तांतराचे मोजमाप करणे कठीण आहे, कारण खाते जुन्याच नावे ठेवण्यात नव्या मालकाचा स्वार्थ होता. म्हणून आकडे लहान दिसणे हे हस्तांतर नसल्याचे निर्णायक प्रमाण नव्हे. तसेच मालकी ही गौण बाब होती असेही म्हणता येत नाही. ती गौण असती तर सावकाराने दरसाल कबुलायतीसाठी इतका आग्रह धरला नसता, आणि रयतेने ती जाळण्यासाठी तुरुंगवास पत्करला नसता. ज्या गोष्टीसाठी दोन्ही पक्ष एवढी किंमत मोजतात, ती त्यांच्या लेखी गौण नसते.

या प्रश्नाचा शेवट एकोणिसाव्या शतकात झाला नाही. १९०१ मध्ये मुंबई सरकारने जमीन महसूल संहितेत दुरुस्ती करून जप्त जमिनी हस्तांतराच्या हक्काविना परत देण्याचा मार्ग काढला. फिरोजशहा मेहता, गोखले प्रभृतींनी विधिमंडळात त्यास विरोध करून सभात्याग केला. त्यांचा मुख्य आक्षेप असा होता की जमीन विकण्याचा हक्क गेला म्हणजे रयतेची पतही जाते. १९३९ च्या कूळकायद्याने ‘संरक्षित कूळ’ हा वर्ग निर्माण केला, १९४८ च्या कायद्याने ते संरक्षण वाढविले, आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषकदिनी’ जमीन कसणारे कूळ काही अटींवर तिचे मालक मानले गेले. परंतु त्यापूर्वीच्या वर्षांत अनेक मालकांनी आपल्या कुळांकडून ‘स्वेच्छेने’ जमीन सोडल्याचे राजीनामे घेतले होते. दांडेकर आणि खुदानपूर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हा प्रकार किती व्यापक होता हे दाखवून दिले.

कबुलायत आणि राजीनामा या दोन कागदांमध्ये सुमारे नव्वद वर्षांचे अंतर आहे. पहिल्याने मालक कूळ झाला. दुसऱ्याने कूळ मालक होता होता राहिले. दोन्ही वेळी निशाणी करणारा माणूस त्याच जमिनीवर उभा होता, आणि दोन्ही वेळी कायद्याने त्याच्या हातातील नांगरापेक्षा दुसऱ्याच्या हातातील कागदाला अधिक प्रमाण मानले. दख्खनच्या कृषिइतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने जिल्हा दप्तरांतील कर्जरोखे जितक्या काळजीने वाचले आहेत, तितक्याच काळजीने यापुढे कबुलायतीही वाचावयास हव्यात.